रुचिकाचा भूकंप

३ नोव्हेंबर, सोमवार

कुणाला सांगितलं तर म्हणतील, अमृत जळतो. जळतोच. म्हणून सांगत नाही, लिहितो.

आज चुरी सरांनी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे प्रोजेक्ट वाटले. आमच्या फिजिक्स विभागाच्या दारावर संशोधनाच्या विषयांचा बोर्ड आहे. पातळ फिल्म, नॅनो पदार्थ, आणि यंदा खाली ताज्या रंगात भूकंपशास्त्र. तो शेवटचा शब्द मी जूनपासून जाता-येता वाचतोय. २०१८ च्या हिवाळ्यात आमच्या तलासरी तालुक्यात धक्के सुरू झाले तेव्हा मी दहावीत होतो. उधव्याला आमचा अख्खा पाडा घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपायचा. आधी जमिनीतून गडगड यायची, मग भांडी वाजायची. ती गडगड कशाची, हे मला कुणी धड सांगू शकलं नाही, म्हणून मी फिजिक्सला आलो. सरांना हे पहिल्याच दिवशी सांगून झालंय.

भूकंप रुचिकाला मिळाला. आमच्याच वर्गातल्या, मसोलीच्या रुचिकाला. वडिलांचं डहाणू रोडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान, घर पक्कं, स्लॅबचं. धक्के बसले तेव्हा तिच्या घरातला पंखा हलला होता म्हणे. पण तिला कोडिंग येतं.

मला काय मिळालं? झिंक ऑक्साइडची फिल्म. काचेवर थर द्यायचा आणि चिकू पिकताना जो वायू सुटतो तो त्या थराला कळतो का ते बघायचं. सर म्हणाले, "तुझा हात स्थिर आहे अमृत, हे काम तुझंच." म्हणजे मी दोन वर्षं शिकून चिकू हुंगणारी काच करायची.

आणि जुलैपासून भूकंपाच्या प्रोजेक्टवर एक जागा आहे, पगारासकट, पीएच.डी.च्या नोंदणीसकट. एकच. ती कुणाला जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

८ नोव्हेंबर, शनिवार

हद्द झाली. सरांनी काल बोलावलं तेव्हा मला वाटलं, विचार बदलला. तर म्हणतात, "उधव्याला भूकंप मोजायचं यंत्र बसवायचंय. रस्त्यापासून लांब, शांत जागा हवी. तुमच्या घरी चालेल?"

नाही कसं म्हणणार? आज बसलं. आमच्या पडवीच्या कोपऱ्यात बाबांनीच खड्डा खणला, तळाला सिमेंट ओतलं, त्यावर तो डबा ठेवला. छपरावर सोलरचं पॅनल. रुचिका स्कूटीवरून आली होती, जीन्सला माती लावून घेत वायर जोडत बसली. बाबांना प्रत्येक वायर समजावून सांगत होती आणि बाबा, जे माझ्याशी आठवड्यात चार वाक्यं बोलतात, ते तिला विचारत होते, "मंग बैल उठला तं यात दिसंल?"

"दिसेल ना काका! बैल, मोटर, ट्रॅक्टर, सगळं दिसेल. म्हणून तर अमृतची मदत लागणार."

घर माझं, जमीन माझी, खड्डा माझ्या बापानं खणलेला, आणि भूकंप तिचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे यंत्रातलं मेमरी कार्ड दर रविवारी हातानं काढावं लागतं. मी एरवी डहाणूला वसतिगृहात, शनिवारी घरी येतो. मी ते कार्ड सोमवारी नेऊन दिलं असतं. पण नाही, बाईसाहेब स्वतः येणार.

सरांचा नियम असा की कार्ड काढताना त्या घरच्या माणसाला विचारायचं, आठवड्यात जमीन कशाकशानं हलली. विहिरीची मोटर, कुणाचं लग्न, झाड तोडलं, काहीही. ते सोडून जे उरेल ते पृथ्वीचं. तर घरचा माणूस मी. मी सांगायचं, तिनं मोबाइलमध्ये टिपायचं. संशोधनात माझा वाटा एवढाच.

आईनं तिला नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी दिली. आई आमच्या बोलीत बोलते, रुचिका मराठीत उत्तर देते, आणि दोघींचं बरं चालतं. अर्ध्या शब्दांना ती नुसतीच हसते, तरी आईला ती फार हुशार वाटते. ती गेल्यावर आई म्हणाली, "कवडी गोड पोर." केवढी गोड म्हणे. मी कधी भाकर मागून घेतली तर मला कुणी गोड म्हणत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भात झोडून झालं. नव्या धान्याचं देवीला दाखवलं आणि संध्याकाळी आमच्या घरामागच्या खळ्यावर तारपा. लडक्याकाकाच्या फुफ्फुसात काय आहे देव जाणे, गाल फुगवून वाजवत राहतो, थांबतो, सूर बदलतो, पुन्हा सुरू. आम्ही कमरेला हात घालून साखळी धरलेली, वर्तुळ त्याच्याभोवती फिरतंय. आई नाचली, बाबासुद्धा नाचले. सगळ्यांचा पाय एकदम पडतो तेव्हा खळ्यातली धूळ गुडघ्यापर्यंत येते.

आज दिवसभरात रुचिकाची आठवण आली नाही. लिहिताना आली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी लॅबमध्ये शिरलो तर सर आणि रुचिका स्क्रीनला चिकटलेले. सरांचे डोळे असे चमकताना मी पाहिले नव्हते. माझी फिल्म पहिल्यांदा काचेला धरून राहिली तेव्हा ते नुसतं "हं" म्हणाले होते.

"अमृत, इकडे ये, आपला सिग्नल बघ," रुचिका म्हणाली. आपला म्हणे.

शनिवारच्या संध्याकाळचा आलेख होता. नेहमीचा धक्का कसा, एकदम उसळतो आणि विरतो. हे तसं नव्हतं. बारीक, एकसारखे ठोके, हळूहळू मोठे होत गेलेले, मग थोडी शांतता, मग थोड्या वेगळ्या गतीनं पुन्हा ठोके. सर म्हणत होते, जमिनीखाली पाणी भेगांतून ढकललं जात असेल तर असा कंप येऊ शकतो. आपल्याकडच्या धक्क्यांचं मूळ पाण्यात आहे असं काही जण मानतातच, त्याला हा धागा मिळाला तर! गावच्या शाळेत बसवलेलं आपलं दुसरं यंत्र त्या आठवड्यात बॅटरी उतरून बंद होतं, नाहीतर लगेच ताडून बघता आलं असतं.

मी तो आलेख पाहिला आणि पहिल्या नजरेत ओळखला. ती शांतता म्हणजे लडक्याकाका सूर बदलतो ती. मोठे ठोके म्हणजे उरलेली माणसं येऊन साखळीत शिरली ते. त्या रेघेत कुठेतरी माझाही पाय आहे.

रुचिका माझ्याकडे वळली. "परवा रविवारी तुझे आईबाबा घरी नव्हते, आणि मी पण घाईत होते, विचारायचं राहिलं. शनिवारी संध्याकाळी काही होतं का रे? मोटर, लग्न, काही पण?"

मी म्हटलं, "काही नाही. झोडणी करून सगळे दमले होते."

तोंडातून गेलं. हसू दाबून ठेवलं होतं. दोन दिवसांत तिचं तिलाच कळेल, सरही जरा जमिनीवर येतील. मजा येईल.

९ डिसेंबर, मंगळवार

कळलेलं नाही. दोघं मिळून त्यावर लिहितायत. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला विभागाचा चर्चासत्राचा कार्यक्रम असतो, मुंबईहून भूकंपातल्या कुणी मोठ्या मॅडम येणार आहेत. त्यांच्यासमोर रुचिका हे मांडणार.

मला वाटलं होतं मजा येईल. येत नाही. सर चहाला तिच्याबरोबर जातात, येताना माझ्या हॉटप्लेटवर नजर टाकून विचारतात, "पापुद्रे निघतायत का अजून?" निघतायत. आज सबंध बॅच सोलली गेली.

सांगायला हवं होतं त्याच आठवड्यात. आता सांगायचं म्हणजे आधी खोटं का बोललास, हेही सांगावं लागेल. त्याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते चारचौघांत देण्यासारखं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

रुचिकानं जिन्यात गाठून विचारलं, "जुलैनंतर तुझं काय ठरलंय? नेट देणार? की बी.एड.?"

म्हणजे अंदाज घेतेय, मी रस्त्यात येणार की नाही त्याचा. मी म्हटलं, "बघू."

"बघू काय? तुला हे प्रोजेक्ट करायचं होतं ना? सरांना तू पहिल्या दिवशी बोललास, मी तिथेच होते." हे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. नाटकात घेतलं पाहिजे.

संध्याकाळी सरांनीही टोचलं. "अमृत, तू तलासरी सोडून कुठे जाणार नाहीस ना?" म्हणजे मी इथेच कुजायचं. मी म्हटलं, "मला कोण नेतंय सर." तर ते समाधानानं मान हलवून निघून गेले!

११ जानेवारी, रविवार

आज थोडक्यात वाचलो. रुचिका ओट्यावर आईबरोबर वाल सोलत बसली होती. आता सोलायलाही शिकली. मी आत होतो. आई विचारत होती, "पोरी, तारपा आयकलास का कधी? आमचे खल्यावर..."

मी बाहेर आलो आणि आईला म्हटलं, बाबा विहिरीवर बोलावतायत. बाबा विहिरीवर नव्हतेच. आई गेली आणि तशीच परत आली, मला म्हणाली, "तुला काय झालाय?" तोवर रुचिका कार्ड बदलायला पडवीत गेली होती.

आईला मी पहिल्यांदाच असं खोटं सांगून उठवलं. वाईट वाटलं. पण त्याहून जास्त वाईट हे वाटलं की माझी आई तिला तारपा ऐकायला बोलावत होती. मी वसतिगृहातल्या एकाही मित्राला कधी बोलावलेलं नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

माझ्या चिकूच्या काचेनं पहिल्यांदा साथ दिली. पिकलेला चिकू बरणीत ठेवला की फिल्मचा विद्युतरोध खाली येतो, कच्चा ठेवला की येत नाही. आकडे पुष्कळ झालेत, आलेख काढता काढता डोळे गेले. आज बघतो तर माझ्या संगणकावर एक नवी फाइल. रुचिकानं न विचारता प्रोग्रॅम लिहून ठेवलाय. आकडे टाकले की आलेख तयार, सुंदर, अक्षांची नावंसुद्धा मराठीत.

स्वतःला किती येतं ते दाखवायची हौस. प्रोग्रॅम वापरला. चांगला आहे. म्हणूनच जास्त राग आला.

सर बघून म्हणाले, "वा! अमृत, हे छापण्यासारखं आहे." मी ते पुरतं ऐकलंही नाही, कारण पलीकडे रुचिका तिचं सादरीकरण लावून बसली होती आणि पडद्यावर आमचं खळं थडथडत होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज ठरवून गेलो होतो, सांगायचंच. ती प्रिंटरशी झटत होती. म्हणाली, "बरं झालं आलास. विज्ञान दिनाला तुझ्या आईला पण घेऊन ये. मी परवाच्या रविवारी स्वतः सांगणार आहे. यंत्र त्यांच्या घरात आहे, त्यांचा सत्कार नको?"

"आई कशाला? तिला काय कळणार त्यातलं?"

ती प्रिंटर सोडून माझ्याकडे वळली. "तुझं काय बिनसलंय रे माझ्याशी? मी काही केलं का?"

तिनं खरोखर काही केलेलं नाही. तिला मिळालं, एवढंच. मी म्हटलं, "काही नाही," आणि बाहेर आलो. त्या दिवशी म्हणालो होतो तेच दोन शब्द.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आई हिरवं लुगडं नेसून आली होती. बाबांनी शेअरच्या इको गाडीतून डहाणूपर्यंत आणून सोडलं आणि आत यायला लाजून ते बाहेरच थांबले. रुचिकानं आईला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. सरांनी शाल दिली. आईनं ती लगेच पांघरली, उकाड्यात.

रुचिकाचं व्याख्यान सुरू व्हायच्या आधी सर माझ्या शेजारी येऊन बसले आणि कानाशी म्हणाले, "लक्ष देऊन ऐक. जुलैपासून हे तुलाच पुढे न्यायचंय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"रुचिका डिसेंबरातच नाही म्हणाली. तिला पुण्याला खगोलशास्त्राकडे जायचंय, तिची तयारी चाललीय. ती म्हणाली, सर, ती जागा अमृतची आहे, माणसं त्याची, जमीन त्याची. तुला घ्यायचं तर भूकंपातलं काहीतरी काम तुझ्या नावावर दाखवायला हवं होतं. तेही तिनंच सुचवलं. बघ."

पडद्यावर पहिली स्लाइड आली. खाली दोन नावं होती. माझं आधी.

पुढचं मी नीट ऐकलं नाही. ती छान बोलली असणार, कारण मुंबईच्या मॅडम पुढे झुकून बसल्या होत्या. मग तो आलेख आला. मॅडमनी तो बराच वेळ पाहिला आणि हसून विचारलं, "फार नियमित आहे हो हे. त्या संध्याकाळी जवळपास काही कार्यक्रम नव्हता ना? माणसांचे पाय असे दिसतात."

रुचिका जराही घाबरली नाही. "नाही मॅडम. आमचं यंत्र ज्या घरात आहे, तिथलाच माझा सहकारी आहे. अमृत. त्यानं सांगितलंय, म्हणजे प्रश्नच नाही. अमृत, तूच सांग ना."

सगळे वळले. आईही वळली. तिला फक्त माझं नाव कळलं होतं आणि ती अशी बघत होती की आता मला बक्षीसच मिळणार आहे.

तोंडात तेच दोन शब्द तयार होते. म्हटले असते तर मॅडमनी कदाचित मान्य केलं असतं, जुलैची जागा माझी झाली असती. मी प्रामाणिक आहे म्हणून थांबलो असं लिहायला आवडलं असतं. पण तसं नाही. आई समोर होती. ती त्या संध्याकाळी माझ्या कमरेत हात घालून नाचली होती. तिच्यासमोर काही नव्हतं असं मला म्हणवेना.

"तारपा होता, मॅडम," मी म्हटलं. "नव्या भाताचा. आमच्या घरामागे. मीपण नाचत होतो."

सभागृह हसलं. वाईट नाही हसलं, मॅडमही हसल्या, म्हणाल्या, नाचाचा एवढा स्वच्छ आलेख त्यांनी कधी पाहिला नव्हता. तारपा हा शब्द आईला कळला आणि तीही आनंदानं हसली. रुचिकानं आलेखावरचा पॉइंटरचा लाल ठिपका बंद केला.

ती म्हणाली, "ही माझी चूक आहे. मी एकाच माणसाला विचारलं." आणि पुढची स्लाइड लावली.

१ मार्च, रविवार

रुचिका आली नाही. सरांनी पहिल्या वर्षाच्या मनिषला कार्डासाठी पाठवलं. त्यानं भाकर घेतली नाही.

७ मार्च, शनिवार

काल संध्याकाळी विभाग रिकामा झाल्यावर तिनं मला थांबवलं. आठवडाभर मी तिला चुकवत होतो.

"एकच विचारते. मी विचारलं त्याच दिवशी तुला माहीत होतं?"

"हो."

"का?"

मी सांगितलं. जसं इथे लिहिलंय तसंच, बोर्डापासून, चिकूपासून. आईनं तिला गोड म्हटलं तेही. मला वाटलं ती ओरडेल. ती ऐकत राहिली, मध्ये एकदा तिचे डोळे भरून आले, ते तिनं दुपट्ट्यानं पुसले.

"मला वाटायचं, तू मला शहरातली समजतोस म्हणून बोलत नाहीस," ती म्हणाली. "मी घरी पप्पांना सांगायचे, तो मुलगा फार खरा आहे."

मी माफी मागितली. ती ठीक आहे म्हणाली नाही, पण उठूनही गेली नाही. मग म्हणाली, "पुण्याचं बोलावणं आलं होतं मुलाखतीचं. मी नाही म्हणून कळवलं."

"का?"

"सरांनी तो निष्कर्ष मुंबईला, दिल्लीला चार जणांना पाठवला होता. त्यांचं नाव गेलं, माझं गेलं. ते निस्तरायला कुणीतरी हवं. उधव्याची सगळी माहिती पुन्हा पहिल्यापासून तपासायची, नाच कुठला आणि जमीन कुठली. सर तुला तर देणार नाहीत आता. मी टाकून पुण्याला कशी जाऊ?" बॅग उचलत ती म्हणाली, "जुलैची जागा मी घेतलीय. मला नको होती रे ती."

चार महिने जिला हे मिळणार म्हणून मी जळत होतो, तिला ते कालपर्यंत मिळालेलं नव्हतं. काल मी दिलं. आणि लिहायला लाज वाटते, पण ती जिन्यावरून उतरत असताना मी पुन्हा जळलो, अगदी नोव्हेंबरसारखा.

आज घरी आलो. आई दारातच विचारायला लागली, उद्या पोर येणार का, मागल्या रविवारी काहां आली नाही, नाचाचं आयकून रागावली का.

मी म्हटलं, येईल. उद्या येईल, आणि आता पुढची तीन-चार वर्षं दर रविवारी येईल.

आईला काय आनंद झाला! लगेच बाबांना हाक मारून सांगितलं. म्हणाली, "मंग तं बरा झाला. पोरीला आता आपली बोली शिकवूं."